आईने वाचू नये

वही सापडली पिठाच्या डब्यामागे. जूनचा दुसरा आठवडा होता. साताऱ्याच्या पावसात आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत दरवर्षी ओल धरते, म्हणून डबे पुढे ओढत होते. शंभर पानी, एकेरी रेघांची, कव्हर फाटलेली वही. पहिल्याच पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : 'आईने वाचू नये. खूप चूका आहेत.'

सांगायला लाज वाटते, पण माझी नजर आधी 'चूका'वर थबकली. 'चूक' दीर्घ, पण अनेकवचनात 'चुका' ऱ्हस्व. मनातल्या मनात उकार फिरवूनही झाला, आणि मग कुठे त्या दोन वाक्यांचा अर्थ डोक्यात शिरला. मी डबे तसेच ठेवून फरशीवर बसले.

चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. सोळा वर्षं मी प्रूफं तपासते. पुण्याहून फाइली येतात, मी त्या घरीच छापून घेते, कारण स्क्रीनवर निसटलेली वेलांटी कागदावर हमखास सापडते. नवरा म्हणतो, लग्नपत्रिका आली की ही आधी अनुस्वार बघते, मग नवरीचं नाव. इतके दिवस मी हे कौतुक समजत होते.

वही उघडलीच नाही असं म्हटलं तर खोटं होईल. दीड पान वाचलं. ट्यूबलाइटमागे राहणाऱ्या पालीची गोष्ट होती. त्या पालीला वाटत असतं की आपण चंद्राच्या घरात भाड्याने राहतो. आपली चौथीतली मुलगी असं काही लिहिते याचा मला पत्ता नव्हता. वही जागेवर ठेवली, डबे मागे सरकवले, ओल तशीच राहिली.

मग आठवायला लागलं. आदल्या वर्षी शाळेची सहल कासच्या पठारावर गेली होती. घरापासून पंचवीसेक किलोमीटर, पण सप्टेंबरमध्ये ते वेगळ्याच मुलखात असतं. तेरडा, सोनकी, गेंद, आणि ती निळी-जांभळी इवलीशी सीतेची आसवं. परत आल्यावर थोरलीने आपणहून दोन पानं लिहिली आणि धावत माझ्याकडे आणली. मी प्रूफं तपासत बसले होते. लाल पेन हातातच होतं. तिच्या त्या दोन पानांवर मी तेवीस खुणा केल्या, हे मला नक्की ठाऊक आहे, कारण नंतर तिने त्या मोजून बाबाला सांगितल्या होत्या. त्यात एक वाक्य होतं : 'सीतेची आसवं इतकी आहेत म्हणजे सीता इथं पुश्कळ दिवस राहिली असणार.' मी 'पुश्कळ'चा 'पुष्कळ' केला आणि पुढच्या ओळीवर गेले.

ते वाक्य मला नऊ महिन्यांनी, फरशीवर बसल्यावर ऐकू आलं.

पुढच्या महिनाभरात मी जे उद्योग केले ते थोडक्यात सांगते, कारण त्यांतून निष्पन्न काहीच झालं नाही. आधी कुलूपवाली महागडी डायरी आणली, रोज एक पान लिही म्हणाले. चौथ्या दिवशी किल्ली हरवली. मग चांदण्यांचा तक्ता : लिहिलं की चांदणी, दहा चांदण्यांना आइस्क्रीम. तिने अकरा दिवस नेमाने लिहिलं, 'आज मी उठले. दात घासले. शाळेत गेले. डबा खाल्ला.' आइस्क्रीम मिळालं आणि लेखन थांबलं. त्यानंतर मी विषय द्यायला लागले. 'पावसाळ्यातील एक दिवस' म्हटल्यावर तिने डोळे मिटून, एका दमात, निबंधाच्या पुस्तकातला पाऊस म्हणून दाखवला : बळीराजा सुखावला, धरतीने हिरवा शालू नेसला, बेडूक डराव डराव करू लागले. आमच्या गल्लीत बेडूक नाहीत. गल्लीत चिखल आहे, आणि एक रिक्षा आहे जी पहिल्या पावसात बंद पडते ती दसऱ्यापर्यंत चालू होत नाही. पण रिक्षा निबंधात बसत नाही, हे पोरीला तिसरीतच कळलेलं होतं.

खरी सुरुवात झाली ती कारल्यामुळे. सासूबाईंनी एका आठवड्यात दोनदा कारल्याची भाजी केली. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर चुंबकाखाली एक कागद लागला :

'प्रति, मा. आजी, स्वयंपाकघर विभाग. विषय : कारल्याची भाजी दोनदा होण्याबाबत तक्रार अर्ज. महोदय, वरील विषयास अनुसरून कळवते की मी लहान आहे...'

बँकेत आणि नगरपालिकेत द्यायचे माझे अर्ज तिने वाचलेले होते. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. किराण्याच्या यादीपलीकडे त्यांनी काही लिहिल्याचं मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, अर्ज दोनदा वाचला, देवघरातल्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि त्याच्या मागे उत्तर लिहिलं. अक्षर थरथरतं, पण वळणदार : 'कारलें कडू असतें पण पोटाला बरें. अन्नाला नांवें ठेवूं नयेत.'

थोरली तो कागद घेऊन माझ्याकडे आली. "आजीने सहा अनुस्वार जास्त दिलेत. तिला का नाही गं तू लाल पेन लावत?"

आता आली का पंचाईत! मी तिला सांगितलं की आजी शाळेत गेली तेव्हा असंच लिहायचे, आणि ते बरोबर होतं. मराठी साहित्य महामंडळाने नवे नियम केले, सरकारने १९६२ मध्ये त्यांतले चौदा मान्य केले, १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडली. उच्चारात नसलेले हे जुने अनुस्वार तेव्हा गेले. गावोगावच्या मास्तरांच्या हाताची वळणं काही एका रात्रीत बदलली नाहीत, आणि आजीची तर बदललीच नाहीत.

तिने विचार केला. "म्हणजे आजी बरोबर होती आणि एक दिवस चूक झाली?"

"तसंच काहीसं."

"कुणी ठरवलं?"

"मोठ्या माणसांनी. मुंबई-पुण्यात बसून."

"मग ठरवतातच," ती म्हणाली आणि निघून गेली. ते 'मग ठरवतातच' तिने कुठल्या अर्थाने म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. पण त्या दिवसापासून ऱ्हस्व-दीर्घ हे पावसासारखं आभाळातून पडत नाही, माणसं बसून ठरवतात, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं. मला वाटतं तिची भीती तिथे अर्धी झाली.

अर्जांना उत्तरं, उत्तरांना प्रत्युत्तरं सुरू झाली. फ्रिज पुरेना. मग कंदी पेढ्यांचा रिकामा खोका घेतला, झाकणाला फट पाडली आणि ती आमची टपालपेटी झाली. दुसऱ्या पाळीहून रात्री बाराला येणारा नवरा जेवताना टपाल वाचायचा आणि उत्तर टाकून झोपायचा. मुलांची आणि त्याची आठवडाभर गाठच पडत नसे. या खोक्यामुळे पडायला लागली. त्याने कंपनीतल्या एका मांजराबद्दल लिहायला सुरुवात केली, रोज तीन-चार ओळी. ते मांजर क्रेनखाली झोपतं आणि भोंगा झाला की कामगारांबरोबर कॅन्टीनला जातं. मुलं सकाळी उठून दूध प्यायच्या आधी खोका उघडायची.

एकच नियम केला, तोही माझ्यासाठी : वाचणाऱ्याने खूण करायची नाही, खाली पेन्सिलने एक प्रश्न लिहायचा. एकच. आणि खरोखर जे जाणून घ्यावंसं वाटतं तेच विचारायचं. 'यातून काय बोध घेतलास' छापाचे प्रश्न बाद.

वाचताना हे सोपं वाटतं. 'पाउस', 'पाणि', 'दुध' डोळ्यांसमोर असताना 'मग त्या कुत्र्याला पिल्लं कुठे सापडली?' एवढंच लिहून पेन्सिल खाली ठेवायची म्हणजे काय असतं, ते प्रूफं तपासणाऱ्यालाच कळेल. पहिले पंधरा दिवस हात शिवशिवायचा. मी आत जाऊन वर्तमानपत्र घ्यायचे आणि त्याच्यावर सूड उगवायचे. त्या जुलै महिन्यातली आमची रद्दी लालभडक होती. पण प्रश्नाचं काम व्हायला लागलं. एका ओळीच्या प्रश्नाला अर्धं पान उत्तर यायचं. पुढे पुढे ती माझा प्रश्न आधीच ओळखून लिहायची : 'आता तू विचारशील की रिक्षा बंद का पडते. तर रिक्षाला पोहता येत नाही.' गल्लीतली रिक्षा शेवटी आली एकदाची लिखाणात.

धाकट्याचं प्रकरण वेगळं. तो पहिलीत, अक्षरं नुकती धरायला लागलेला. त्यालाही टपाल टाकायचं असे. तो सांगायचा आणि मी लिहून घ्यायचे. एकदा त्याने मांजराची लांबलचक गोष्ट सांगितली. मी लिहिलं, मग त्याला वाचून दाखवलं. एका जागी त्याने मला अडवलं. "मी असं नाही म्हटलो."

"काय नाही म्हणालास?"

"मांजर ओरडली नाही. वरडली."

त्याला वाचता येत नव्हतं, तरी मी बदललेला शब्द त्याच्या कानाने पकडला. 'वरडली' हा त्याच्या आजीचा शब्द, आमच्या गावाकडचा. माझ्या हाताने तो आपोआप 'सुधारला' होता, मला न विचारता. मी खोडून 'वरडली' केलं. तो म्हणाला, "आता बरोबर वरडली."

त्याला स्वतः लिहायचं होतं. एका शिक्षक मैत्रिणीने सांगितलं, पूर्ण मुळाक्षरं व्हायची वाट बघू नकोस. आमच्याच जिल्ह्यात फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. त्यांची वाचन शिकवण्याची रीत अशी की 'क ख ग घ' क्रमाने घोकण्याऐवजी मोजकी अक्षरं आणि एखादं स्वरचिन्ह घ्यायचं आणि लगेच शब्द करायला लागायचं. मी घरच्या घरी क, म, न, ल आणि काना घेतला. ही निवड माझी, चुकलीमाकली असेल. जुन्या पत्रिकांच्या जाड कागदाची कार्डं कापली. तो ती जमिनीवर मांडून बसायचा : नाक, कान, मका, काम, लाल, कमल. आठवड्याभराने खोक्यात एक चिठ्ठी आली, आणि ती त्याची त्याने लिहिलेली होती :

'काकाला नाक ना. मामाला कान ना.'

जगातल्या कुठल्याही कवीला पाच खुणांत याहून जास्त काही जमलं असतं असं मला वाटत नाही. सासूबाई म्हणाल्या, "काय वाह्यातपणा हा!" आणि शेजारच्या काकूंना दाखवायला कागद घेऊन गेल्या. पुढच्या रविवारी माझा भाऊ आला, त्याने तो फ्रिजवर वाचला आणि दिवसभर कुणी हाक मारली तरी ओ देईना. का, तर मामाला कान ना. धाकटा हसून हसून लोळला. आपण लिहिलं आणि एक मोठा माणूस त्याप्रमाणे वागला, यापेक्षा मोठं बक्षीस माझ्या चांदण्यांच्या तक्त्यात नव्हतं.

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा माझा सुगीचा काळ, दिवाळी अंकांचा. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाच्या फराळाच्या ताटाशेजारी अंक आला, आणि माझ्यासारखीच्या घरी गठ्ठे. सगळीकडे एका बाजूला छापलेली प्रूफं. पाठकोरे कागद आमच्या मुलांना कधी कमी पडले नाहीत. थोरलीने विचारलं, आपला अंक का नको? मी मनात म्हटलं, आत्ता नको गं बाई, माझी मान मोडली आहे. तोंडाने हो म्हणाले.

पाठकोऱ्या कागदाची आठ पानी पुस्तिका कशी करायची ते मला फार पूर्वी एका छापखान्यातल्या बाइंडरने शिकवलं होतं. कागद आडवा धरून मधोमध घडी, मग उभ्या घड्या घालून आठ चौकोन करायचे. पुन्हा अर्धी घडी घालून मधल्या दोन चौकोनांपुरती कात्री मारायची आणि दोन्ही टोकं धरून आत ढकलायचं. छापील बाजू आत लपते, बाहेर आठ कोरी पानं. मुलांना खरी गंमत वाटली ती पुढे. पानांवर आकडे घालून कागद पुन्हा उलगडला तर एका रांगेतले चार आकडे सरळ आणि वरचे चार डोक्यावर उभे. छापखान्यात फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापायची पानं, असाच लागतो म्हटल्यावर धाकट्याने अख्खी संध्याकाळ उलटे आकडे काढण्यात घालवली. अशा चार पुस्तिका एकत्र शिवून बत्तीस पानांचा अंक करायचं ठरलं.

संपादक अर्थातच थोरली. बाबाचं मांजर घेतलं. आजीने जात्यावर दळायला बसणाऱ्या आपल्या आईबद्दल पाऊण पान लिहून दिलं. वरच्या मजल्यावरच्या मुलाने क्रिकेटचा वृत्तान्त दिला, त्यात त्याच्याच संघाला त्याने दोनशे धावांनी जिंकवलं. कोड्यांचं पान धाकट्याचं. मीही 'मुलांनी का लिहावे' असा लेख दिला. तो दुसऱ्या दिवशी खोक्यात परत आला. वर पेन्सिलने : 'साभार परत. खूप शहाणपणा आहे.' सोळा वर्षांत इतकं नेमकं संपादन मी पाहिलेलं नाही. मी मुकाट्याने नारळाच्या वड्यांची कृती लिहून दिली, ती स्वीकारली गेली.

कोजागरीच्या सुमारास एका रात्री ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात पालीची गोष्ट. पिठाच्या डब्यामागची, आता सहा पानांची झालेली. पालीने घरभाडं थकवलं होतं आणि चंद्र अमावास्येला वसुलीला आला होता.

"तपास," म्हणाली. "आता लोक वाचणार ना."

मी लाल पेन उचललं. तिने ते काढून घेतलं, पेन्सिल दिली. "एका पानावर तीनच. आणि का ते सांगायचं."

तीनच खुणा करायच्या म्हटल्यावर कुठल्या तीन, हे ठरवायला मला एक तास लागला. त्यासाठी गोष्ट आधी नीट वाचावी लागली. 'चूका' होतंच, चूक, चुका, फूल, फुला, मूल, मुले, असं तिनेच पुढे लावत नेलं. राहिलेल्या शब्दाच्या जागी घालायची ती काकपदाची खूण तिला फार आवडली. कावळा येऊन पाय ठेवून गेला म्हणे. 'आणि'ची वेलांटी ऱ्हस्व का, या प्रश्नाला मी 'तो अपवाद आहे' म्हटलं, तर 'अपवाद म्हणजे तुमचं ठरलं नव्हतं ना?' असा शेरा मिळाला. धाकट्याच्या गोष्टीतल्या 'वरडली'वर माझी पेन्सिल नुसती रेंगाळली तर ती म्हणाली, "ते तोंडचं आहे. ते राहू दे." तिच्या लेखी तो नियम झाला होता. बोलीतला शब्द पात्राच्या तोंडी जसाच्या तसा ठेवतात हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं.

शुद्धलेखन सुधारलं का, असं मैत्रिणी विचारतात. थोडं. 'पाणि' अजून अधूनमधून येतं. शाळेतल्या निबंधात ती अजूनही हिरवा शालू नेसवते, कारण तिथे गुण त्यालाच आहेत, आणि ती व्यवहारी मुलगी आहे.

अंकाच्या बारा प्रती झेरॉक्स केल्या, प्रत्येकी बारा रुपये खर्च, किंमत 'एक चकली'. सासूबाईंचा हात थरथरतो म्हणून त्यांचा मजकूर तेवढा मी सुवाच्य लिहून काढला होता. त्यांच्या अनुस्वारांबद्दल संपादकांनी आधीच बजावलेलं होतं. मीच तिला सांगितलं होतं की नियमांच्या यादीत एक सवलत आहे : केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचं गद्य छापताना मूळ लेखनच ठेवावं. आजी काही इतकी जुनी नाही, पण आमच्या अंकापुरतं तिला त्यांच्यात बसवायचं ठरलं होतं.

वसुबारसेला प्रती वाटून झाल्या. पाडव्याच्या सकाळी उंबऱ्यावर रांगोळी काढत होते, तेव्हा ती बारा चिठोऱ्या घेऊन घराबाहेर पडताना दिसली. ज्यांना ज्यांना अंक गेला त्यांच्याकडे निघाली होती. एक चिठोरी माझ्याही हातात देऊन गेली.

'शुद्धिपत्र. पान ११, ओळ ४ : नाव असे छापले आहे. आजीने नांव असे लिहिले होते. चूक आईची आहे. वाचकांनी अनुस्वार आपापल्या पेनने द्यावा.'